वळणापलीकडे ४८ मीटरवर शाळेचं फाटक: गाडीचा सुरक्षित वेग किती धरायचा?

नववी_ब

नववीच्या विज्ञानात 'गतीचे नियम' हा पहिलाच धडा आहे. त्यातली समीकरणं मुलांनी गावातल्याच रस्त्यावर लावून बघावीत म्हणून एक मोजणी केली आहे. उत्तर मात्र पटत नाही.

जागा अशी: राज्यमार्ग घाट उतरून गावात शिरतो, डावीकडे वळतो आणि वळण संपतं तिथेच शाळेचं फाटक आहे. वळणाच्या आतल्या अंगाला, म्हणजे डाव्या हाताला, घाणेरी आणि निवडुंगाचं दाट कुंपण आहे. रस्ता दुपदरी, डांबर ७ मीटर. फाटकासमोर रस्त्यावर एक वीट ठेवली आणि १.२ मीटर उंचीवरून ती कुठून दिसायला लागते ते पाहिलं. डांबराच्या कडेने टेप लावून अंतर भरलं ४८ मीटर. गवंड्याच्या लेव्हल पाइपने उतार मोजला, तो १० मीटरला ५० सेंटिमीटर निघाला. वळणाआधीच्या सरळ पट्ट्यात ५० मीटरवर खडूच्या दोन खुणा करून स्टॉपवॉच लावलं. बहुतेक गाड्या ते अंतर ३ ते ३.६ सेकंदांत कापतात, म्हणजे ताशी ६० ते ५० किमी.

आता गणित. अंतिम वेग शून्य, म्हणून अंतर = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन). मंदन म्हणजे दर सेकंदाला कमी होणारा वेग. कोरड्या डांबराचा घर्षणांक, म्हणजे पकड, ०.७ धरला, मंदन ०.७ × ९.८१ (गुरुत्वत्वरण) = ६.८७. वेग ६० घातला तर ३६०० ÷ १३.७४ = २६२ मीटर येतात. काही मुलांचं हेच उत्तर आहे. ताशी किमीचे मीटर प्रतिसेकंद केले, १६.६७, तर २७८ ÷ १३.७४ = २०.२ मीटर. म्हणजे ४८ पैकी २८ मीटर शिल्लक राहायला हवेत. प्रत्यक्षात गाड्या फाटकासमोर कचकचून ब्रेक मारतात आणि पावसाळ्यात फाटक ओलांडून पुढे घसरतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गणितात काय सुटलं? ४८ मीटरवरून उलटा हिशेब करून वेग कसा काढायचा? आणि बांधकाम विभागाला अर्ज द्यायचा तर काय मागायचं: फलक, गतिरोधक की कुंपणाची छाटणी?

ओळंबा

२६२ चं उत्तर ज्यांनी काढलं त्यांना फळ्यावर बोलवा आणि एककं लिहायला लावा. ९.८१ हे मीटर आणि सेकंदात आहे, म्हणून वेगही त्यातच हवा. ३.६ ने भागायचं राहिलं की चूक ३.६ पट होत नाही, वर्गामुळे जवळजवळ १३ पट होते. २६२ ला २०.२ ने भागून बघा, १३ येतील. हा ताळा मुलांच्या कायम लक्षात राहतो.

तुमच्या २०.२ मध्ये तीन गोष्टी नाहीत.

पहिली, ब्रेक लागण्याआधीचं अंतर. दिसणं, ते काय आहे हे ओळखणं, थांबायचं ठरवणं आणि पाय एक्सलरेटरवरून उचलून ब्रेकवर नेणं, या सगळ्यात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. सावध ड्रायव्हरला एक सेकंद, अनपेक्षित प्रसंगात दीड. रस्त्याच्या आखणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या संकेतात (नियमावलीत) अडीच सेकंद धरतात. ताशी ६० ला एका सेकंदात १६.७ मीटर, दीडमध्ये २५, अडीचमध्ये ४१.७. म्हणजे अडीच सेकंद धरले तर ब्रेकला पाय लागेपर्यंतच तुमच्या ४८ पैकी ४२ मीटर संपले.

दुसरी, उतार. १० मीटरला अर्धा मीटर म्हणजे ०.०५. उतरताना तो घर्षणांकातून वजा होतो, चढताना मिळवायचा. ०.७ चे ०.६५ झाले. कोरड्यात फरक किरकोळ आहे, २०.२ चे २१.८ मीटर.

तिसरी, पाऊस. ओल्या, गुळगुळीत झालेल्या डांबरावर ०.४ च्या वर भरवसा ठेवू नये. त्यातून उतार गेला की ०.३५ उरतात, मंदन ३.४३. आता ब्रेकचं अंतर २७८ ÷ ६.८७ = ४०.५ मीटर. तोच ०.०५ चा उतार कोरड्यात दीड मीटर खात होता, ओल्यात पाच खातो, कारण वजाबाकी आता लहान आकड्यातून होते. दीड सेकंदाचे २५ मिळवा: ६५.५ मीटर. गाड्या फाटक ओलांडून का जातात त्याचं उत्तर इथे आहे.

आता मोजणीबद्दल. वीट आडवी ठेवली होती की उभी? आडवी वीट सात-आठ सेंटिमीटर भरते, उभी वीसच्या वर जाते. संकेत असा आहे की डोळा १.२ मीटरवर आणि वस्तू १५ सेंटिमीटर उंच. तेवढ्या उंचीचा पुठ्ठ्याचा खोका ठेवा. शिवाय टेप डांबराच्या कडेने नको. गाडीची चाकं ज्या रेषेत चालतात त्या रेषेने, म्हणजे डाव्या पदराच्या मध्यावरून लावा. दोन-तीन मीटरचा फरक पडू शकतो आणि इथे तेवढेच मीटर महत्त्वाचे आहेत.

उलटा हिशेब म्हणजे वर्गसमीकरण आहे. अंतर = वेग × काळ + वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन). ते सोडवलं की

वेग = √[(मंदन × काळ)² + २ × मंदन × अंतर] − (मंदन × काळ)

मंदन ३.४३, अंतर ४८ घालून काळ १.५ आणि २.५ दोन्हींसाठी काढून बघा. वर्गसमीकरणं दहावीच्या बीजगणितात येतात, पण सूत्रात आकडे घालणं नववीला जमेल.

ब्रेक_लायनर

घाट उतरून येणारा रस्ता आहे म्हणून जड गाड्यांचं वेगळं सांगतो. पुस्तकी सूत्रातून वस्तुमान कटून जातं, त्यामुळे मुलं म्हणतील की भरलेला ट्रक आणि मोकळी कार सारख्याच अंतरात थांबतील. टायरची पकड हीच एकमेव मर्यादा असेल तरच ते खरं. ट्रकच्या बाबतीत मर्यादा बऱ्याचदा ब्रेकच्या ड्रमवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी भांड्यावर येते.

१६ टनांचा ट्रक घ्या. ५ टक्के उताराचे ३ किलोमीटर म्हणजे १५० मीटर खाली. १६००० × ९.८१ × १५० = सुमारे २.३५ कोटी जूल. चाकांचा विरोध साधारण ०.०१ धरला तर त्यातला पाचवा भाग तो घेतो, उरले १.८८ कोटी. गाडी न्यूट्रलला टाकून किंवा वरच्या गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर उतरवली तर हे सगळं चार ड्रममध्ये जातं. चारही मिळून १६० किलो लोखंड धरा, एक अंश तापायला किलोमागे ५०० जूल. भागाकार केला तर २३५ अंशांची वाढ. वारा थोडं थंड करतो, पण तेवढ्यावर अवलंबून राहता येत नाही. तोच ट्रक ताशी ६० वरून एकदा उभा करायला २२ लाख जूल लागतात, म्हणजे २८ अंश. याचा अर्थ घाट ब्रेकवर उतरणं हे ६० वरून साडेआठ वेळा लागोपाठ उभं करण्यासारखं आहे आणि तुमचं फाटक त्यानंतर येतं.

तापल्यावर दोन गोष्टी बिघडतात. लायनरची, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या अस्तराची, पकड घसरते. आणि ड्रम फुगून शूपासून (ज्यावर लायनर बसवलेलं असतं) लांब जातो, म्हणून शू दाबणाऱ्या पुशरॉडला दांडा जास्त बाहेर टाकावा लागतो. स्लॅक अॅडजस्टर (ही फट जुळवणारा भाग) आधीच ढिला असेल तर दांडा पूर्ण बाहेर येऊनही शू नीट दाबले जात नाहीत. एअर ब्रेकमध्ये हवा नळ्यांतून चेंबरपर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो तो निराळा. ताशी ४० ला त्या अर्ध्या सेकंदात साडेपाच मीटर.

म्हणून अर्जात अवजड वाहनांसाठी घाटाच्या माथ्यावरच 'खालच्या गिअरमध्ये उतरा' असा फलक मागा. फाटकाजवळ लावून उपयोग नाही. तिथे येईपर्यंत ड्रम तापलेले असतात.

पुढचं_चाक

शाळेजवळ सगळ्यात जास्त रहदारी दुचाकींची असते आणि तिथला आकडा कारपेक्षा वाईट निघतो. कारण सवय. खूप जण 'पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते' या समजुतीने फक्त मागचा ब्रेक वापरतात.

ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक हलकं होतं. उभ्या गाडीत निम्मं वजन मागे आहे असं धरा. गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांचं गुणोत्तर ०.४६ (६० सेंटिमीटर आणि १.३ मीटर). फक्त मागच्या ब्रेकने मिळणारं मंदन:

घर्षणांक × ०.५ × ९.८१ ÷ (१ + ०.४६ × घर्षणांक)

कोरड्यात, ०.७ ला: २.६. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर ६.८७. सपाट रस्त्यावर ताशी ५० वरून नुसतं ब्रेकचं अंतर एकीकडे १४ मीटर, दुसरीकडे ३७.

आता नववी_ब यांच्या जागेवर या. ओला रस्ता, ०.४: मागच्या ब्रेकने १.६६. उताराचे ०.४९ वजा. उरले १.१७. ताशी ४० वरून (११.१ मी/से) ब्रेकचंच अंतर १२३.५ ÷ २.३४ = ५३ मीटर, प्रतिक्रियेचं अंतर अजून मिळवलेलंच नाही. म्हणजे ज्या वेगाला कार थांबेल त्या वेगाला मागचाच ब्रेक वापरणारा थांबत नाही. सूत्र मुलांना द्याच, पण घरी जाऊन पालकांना दोन्ही ब्रेक एकत्र दाबायला सांगा असंही सांगा. पुढचा झटक्यात नाही, दाब वाढवत न्यायचा. १२५ सीसीच्या आतल्या नव्या गाड्यांत जोडब्रेक (एक दाबला की दोन्ही लागतात) आणि त्यावरच्या गाड्यांत एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, पण रस्त्यावर त्याआधीच्या गाड्या भरपूर आहेत. एबीएसने ओल्यात चाक अडकत नाही आणि गाडी आडवी पडण्याचा धोका कमी होतो. रस्त्याची पकडच ०.४ असेल तर एबीएस ती ०.७ करू शकत नाही.

कच_आणि_खडी

०.४ हा आकडा सगळीकडे सारखा लागू करू नका. जून महिन्याच्या पहिल्या सरीत, उन्हाळाभर साचलेली धूळ, टायरचा चुरा आणि इंजिनातून गळलेलं तेल पाण्यात मिसळून बुळबुळीत थर होतो. सर हलकी असेल तर तो धुऊन जात नाही, नुसता पसरतो. जोराचा पाऊस तासभर पडून गेल्यावर तोच रस्ता सुधारतो. गळीत हंगामात उसाचं पाचट आणि शेतातून रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, आणि खड्डे बुजवल्यावर आठवडाभर पसरलेली बारीक कच, हेही तितकंच धोक्याचं. कचेवर चाक गोट्यांवर फिरल्यासारखं जातं.

टायर गुळगुळीत असेल आणि पाणी साचलेलं असेल तर आणखी एक मर्यादा आहे. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग ढोबळमानाने १६.६५ × √(हवेचा दाब, पीएसआयमध्ये). ३२ दाबाला ताशी ९४ किमी, हवा कमी होऊन २४ झाली तर ताशी ८२. गावातल्या वेगाला हा प्रश्न येत नाही, पण घाटाआधीच्या मोकळ्या पट्ट्यात येतो. खाचा १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्या की कारचा टायर बदलायचा. खाचेतली आडवी उंचवट्याची खूण टायरच्या पृष्ठाशी सपाट झाली की तेवढं झिजलं समजायचं.

घर्षणांक स्वतः काढायचा असेल तर चालत्या रस्त्यावर नको, रिकाम्या डांबरी आवारात काढा. ताशी ३० ला पूर्ण ब्रेक, गाडी कुठे थांबली ते मोजा. ८.३३ चा वर्ग ६९.४. ५ मीटरमध्ये थांबली तर मंदन ६.९४, घर्षणांक ०.७१. यातली नेहमीची चूक स्पीडोमीटरची आहे. तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. काटा ३० वर असताना खरा वेग २७.५ असेल तर तुमचा घर्षणांक १९ टक्के फुगलेला येईल, पुन्हा वर्गामुळेच. फोनवरच्या जीपीएसचा वेग स्थिर झाल्यावर तो घ्या. दुसरी चूक म्हणजे अंतर खुणेपासून मोजणं. पाय खुणेवर नाही, खुणेनंतर पडतो. ब्रेकचा दिवा पेटतो ती जागा बाहेरून दुसऱ्याने व्हिडिओत पकडायची आणि तिथून मोजायचं.

नववी_ब

खोका ठेवून, पदराच्या मध्यावरून पुन्हा मोजलं. ४८ च आले (वीट उभी होती आणि टेप कडेने होता, दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या).

सूत्रात आकडे घातले. मंदन ३.४३:
दीड सेकंदाला √(२६.५ + ३२९.३) − ५.१५ = १३.७ मी/से, ताशी ४९.
अडीच सेकंदाला √(७३.६ + ३२९.३) − ८.५८ = ११.५ मी/से, ताशी ४१.

दोन्हींत ८ किमीचा फरक आहे. अर्जात कोणता लिहायचा? एका मुलीने विचारलेला प्रश्नही इथे देते: ताशी ५० वाला जर फाटकापाशी जेमतेम थांबत असेल, तर ६० वाला 'थोडासाच' पुढे जाईल ना?

ओळंबा

आधी मुलीचा प्रश्न, कारण वर्गात सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यायला हवा.

ओला रस्ता, दीड सेकंद. ५० वाल्याला ४९ मीटर लागतात, म्हणजे फाटकापाशी तो ताशी जेमतेम ९ किमीवर आलेला असतो. ६० वाल्याचे २५ मीटर प्रतिक्रियेत गेले, ब्रेकसाठी उरले २३. तेवढ्यात वेगाच्या वर्गातून २ × ३.४३ × २३ = १५८ कमी होतात. २७८ − १५८ = १२०, वर्गमूळ १०.९५. फाटकासमोर त्याचा वेग ताशी ३९ किमी आहे. सुरुवातीला दोघांत फरक १० चा, फाटकाशी ३० चा. कोरड्या सपाट रस्त्यावरही असंच होतं: मंदन ७ आणि एक सेकंद धरला तर ५० वाला २७.७ मीटरमध्ये उभा राहतो, त्याच जागी ६० वाला ताशी ४० ने आणि ७० वाला ५८ ने जात असतो. कारण असं की ब्रेकने दर मीटरला कमी होतो तो वेगाचा वर्ग. थांबताना बहुतेक वेग शेवटच्या काही मीटरमध्येच उतरतो, आणि ६० वाल्याला ते शेवटचे मीटर मिळालेलेच नसतात. मुलांना वेग-अंतराचा आलेख काढायला लावा. तो सरळ रेषा येत नाही, शेवटाला कड्यासारखा कोसळतो.

अर्जात अडीच सेकंदांचा आकडा लिहा. सावध, तरुण, शाळा माहीत असलेल्या ड्रायव्हरसाठी रस्ता आखायचा नसतो. संकेतातले घर्षणांकही पावसाचा आणि झिजलेल्या टायरचा विचार करूनच कमी ठेवले आहेत: ताशी ३० पर्यंत ०.४०, ४० ला ०.३८, ५० ला ०.३७, ६० ला ०.३६, ८० च्या पुढे ०.३५. त्यांतून उतार वजा करून तुमच्या जागेवर ३० ला ३१ मीटर लागतात, ४० ला ४७, ५० ला ६५.५. म्हणजे ४८ मध्ये ४० जेमतेम बसतात, एक मीटर राखून. पण मुलं फाटकाच्या रेषेत थोडीच उभी असतात? रिक्षातून उतरणारी अलीकडेच असतात. पाच मीटर राखून ठेवा, ४३ धरा, वेग ३७ वर येतो. फलक ३०चा मागा.

आणखी एक गोष्ट. ४८ मीटरमधला बराच भाग वळणात आहे. टायरची पकड एकच असते, तीच वळायला आणि थांबायला वाटून घ्यावी लागते. वळणाची त्रिज्या मोजायची सोपी रीत: डांबराच्या कडेवर २० मीटरची दोरी ताणून धरा आणि दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. ते ८४ सेंटिमीटर आलं तर त्रिज्या = ४०० ÷ (८ × ०.८४) + ०.४२ = ६० मीटर. पुढचा हिशेब ६० वर करते, तुमचा आकडा घालून बदला. ताशी ४० ला वळायला लागणारी पकड ११.१² ÷ (६० × ९.८१) = ०.२१. रस्त्याचा बाहेरचा काठ ५ टक्के उचललेला असेल तर ०.१६. उरलेली पकड √(०.४² − ०.१६²) = ०.३७. ब्रेकचं अंतर वाढतं, तरी काम निभतं. ताशी ५० ला वळण ०.२८ खातं, उरतात ०.२९, उतार वजा जाता ०.२४. आता ब्रेकलाच ४१ मीटर आणि एकूण ७६. चाळिशीपर्यंत वळण गप्प असतं आणि पन्नाशीला अचानक हिसका देतं ते यामुळे.

कुंपणाचं गणित तर फारच उपयोगी आहे. वळणाच्या आतल्या बाजूला किती जागा मोकळी हवी? पदराच्या मध्यापासून, दिसायला हव्या त्या अंतराचा वर्ग ÷ (८ × त्रिज्या). ४८ साठी २३०४ ÷ ४८० = ४.८ मीटर. ६५ मीटर दिसायचे असतील तर ८.८. म्हणजे चार मीटर पट्ट्यातली घाणेरी काढली की १७ मीटर जास्त दिसतात. खर्च एका दिवसाच्या मजुरीचा. कुंपण कुणाच्या शेतात असेल तर आधी त्यांच्याशी बोला. मुळापासून नको असेल तर ६० सेंटिमीटर उंचीवर छाटलं तरी ड्रायव्हरची नजर वरून जाते. मूल दिसेल, खोका कदाचित दिसणार नाही.

गतिरोधक मात्र वळणानंतर, फाटकाला लागून मागू नका. ड्रायव्हरच्या दृष्टीने गतिरोधकसुद्धा अचानक समोर येणारी वस्तूच आहे, आणि दुचाकीवाला तो बघून ओल्या वळणात ब्रेक मारेल. तो वळणाच्या आधी सरळ पट्ट्यात हवा, पांढरे पट्टे मारलेला, आणि संकेताप्रमाणे: ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ ने जाता येईल असा. गावोगाव एका रात्रीत टाकतात तो अरुंद उंचवटा मागितलात तर रिक्षाचा पाटा आणि म्हाताऱ्यांची कंबर मोडेल. 'पुढे शाळा' आणि ३० चा फलक वळणाच्या किमान १०० मीटर आधी. तोही हिशेबानेच: अडीच सेकंदांत ४२ मीटर, मग ६० वरून ३० वर सावकाश, मंदन २ ने उतरायला ५२.

गावातला रस्ता एकपदरी, पावणेचार मीटरचा असता तर गणित आणखी कडक झालं असतं. तिथे समोरूनही गाडी त्याच पट्ट्यात येते, दोघांनाही थांबायचं असतं, म्हणून दुप्पट अंतर दिसायला लागतं.

नववी_ब

त्रिज्या ५८ मीटर आली, तुमच्या ६० च्या जवळच. कुंपणवाल्यांनी छाटणीला होकार दिला आहे. अर्जात चार मागण्या लिहिते: छाटणी ८.८ मीटरपर्यंत, ३० चा फलक आणि 'पुढे शाळा' १०० मीटर आधी, घाटाच्या माथ्यावर खालच्या गिअरचा फलक, आणि गतिरोधक सरळ पट्ट्यात, मापासह. मुलांची मोजणी आणि आलेख सोबत जोडणार.

कच_आणि_खडी

त्रिज्या ५८ असेल तर ८.८ चं ९.१ करा, सूत्रात त्रिज्या छेदात आहे.

आणि मोजणीची तारीख अर्जात लिहा. ४८ मीटर उन्हाळ्यात मोजलेले असतील तर ऑगस्टमध्ये परत मोजा. घाणेरी पावसाळ्यात हातभर वाढते, रस्त्याच्या कडेचं गवत कमरेला लागतं आणि खोका तर सोडाच, पहिलीतलं मूलही त्यामागे झाकलं जातं. तेव्हा ३५ मीटर दिसत असतील तर ३० चा फलकही चार मीटर राखूनच पुरतो, ४० ला तर १२ मीटर कमी पडतात. पकड कमी आणि दिसतंही सगळ्यात कमी, ते पावसाळ्यातच. छाटणी म्हणून एकदा मे महिन्यात आणि एकदा पोळ्याच्या आधी, अशी दोनदा लिहून घ्या.